मुलांच्या हाती घरचा हिशेब द्या

संध्याकाळची वेळ. नववीतली मुलगी भिंतीला टेकून गणिताचा गृहपाठ करीत बसली आहे. उदाहरण व्याजाचे आहे. मुद्दल, मुदत, दर. तिने सूत्र मांडले, आकडे घातले, उत्तर बरोबर आले. पुस्तकाच्या मागे दिलेल्या उत्तराशी पडताळून तिने वही मिटली. त्याच वेळी चार घरे सोडून तिची आई गटाच्या बैठकीला बसली आहे. आज हप्त्याचा दिवस. आईने पदराच्या गाठीतले पैसे मोजून दिले, कर्जाच्या पुस्तकावर सही झाली आणि ते पुस्तक घरी येऊन कपाटातल्या साड्यांखाली गेले. मूळ रक्कम किती फिटली, व्याजात किती गेले, हे आईला सांगता येत नाही. मुलीला ते काढता येते. पण तिला ते पुस्तक कोणी दाखवलेलेच नाही.

वाचकहो, असे घर आपल्या परिचयाचे आहे. कदाचित ते आपलेच असेल. मुलांना शिकवण्यासाठी आपण पोटाला चिमटा घेतला, शिकवणीची फी भरली, गणितात चांगले गुण मिळाले म्हणून पेढे वाटले. पण त्या गणिताचा घराला उपयोग व्हावा असे काही आपण केले नाही. पैशाचा विषय निघाला की मुलांना म्हणतो, "तुम्ही अभ्यासाकडे लक्ष द्या, पैशाचं बघायला आम्ही आहोत." हे प्रेमापोटीच म्हटले जाते, यात शंका नाही. परंतु त्या प्रेमाची किंमत मुलांना पुढे फेडावी लागते, याचाही विचार झाला पाहिजे.

पुस्तकात आहे, घरात नाही

शाळेत काहीच शिकवत नाहीत, असे म्हणून चालणार नाही. २०१७ साली आलेल्या सातवीच्या गणिताच्या पुस्तकात बँक व सरळव्याजाचे प्रकरण होते. २०१८ च्या आठवीच्या पुस्तकात चक्रवाढ व्याज होते. नववी आणि दहावीच्या बीजगणितात तर 'अर्थनियोजन' या नावाचेच प्रकरण घालण्यात आले. त्यात बचत, गुंतवणूक, आयकर, जीएसटी, शेअर आणि म्युच्युअल फंड इथपर्यंत मजल गेली होती. म्हणजे चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला टक्केवारी येते, व्याज काढता येते. अडचण एवढीच, की ही उदाहरणे वहीतून परीक्षेत जातात आणि परीक्षेतून रद्दीत. किराणा दुकानदाराची उधारीची वही, बँकेचे पासबुक, मोबाईलच्या हप्त्याचा कागद आणि सावकाराचा शेकडा यांच्यापर्यंत ती पोहोचत नाहीत.

जुन्या वाचकांना शाळेतली संचयिका आठवत असेल. शाळेतच मुलांची छोटी बँक चालायची. मुले चार-आठ आणे, रुपया-दोन रुपये जमा करायची, मुलेच खतावणी लिहायची आणि गुरुजी देखरेख करायचे. रक्कम चिल्लर होती, पण पैसे ठेवणे, काढणे, शिल्लक पडताळणे ही सवय हाताला लागत असे. अनेक शाळांतून ती संचयिका केव्हाच बंद पडली. तिच्या जागी काय आले? मुलांच्या हातात मोबाईल आला आणि त्या मोबाईलमध्ये पैसे पाठवण्याची सोय आली. पैसा खर्च करणे पूर्वीपेक्षा सोपे झाले. हिशेब ठेवणे मात्र मागे पडले.

मोठ्यांची स्थितीही अभिमान वाटावा अशी नाही. राष्ट्रीय वित्तीय शिक्षण केंद्राने २०१९ साली देशभर पाहणी केली, तेव्हा शंभरांपैकी केवळ २७ प्रौढ व्यक्ती आर्थिकदृष्ट्या साक्षर ठरल्या. बाकीच्या ७३ जणांत पदवीधरही आहेत आणि नोकरदारही आहेत. यात लाज वाटण्याचे कारण नाही, कारण आपल्याला कोणी शिकवलेच नाही. आता निदान पुढच्या पिढीची तरी ती अडचण राहू नये.

दहा ते अठरा

दोन वयांकडे पालकांनी विशेष लक्ष द्यावे. दहा वर्षे पूर्ण झालेल्या मुलाला किंवा मुलीला स्वतःच्या सहीने बचत खाते उघडता व चालवता येते. रिझर्व्ह बँकेने २०१४ साली ही मोकळीक दिली आणि २०२५ साली पुन्हा स्पष्ट केली. खात्यात किती रक्कम ठेवता येईल याची मर्यादा ज्या त्या बँकेने ठरवायची आहे. पोस्टाच्या बचत खात्यालाही दहा वर्षांचाच नियम आहे. अज्ञान मुलाच्या अशा खात्यावर शिलकीपेक्षा जास्त पैसे काढता येत नाहीत, म्हणजे या वयात चूक झाली तरी ती बेताचीच होते.

दुसरे वय अठराचे. तोपर्यंत मुलाच्या सहीने कर्ज होत नाही. अठरा पूर्ण झाले की होते. वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवसापासून मोबाईलवर कर्ज देणारे, हप्त्यावर गाडी देणारे आणि जामीन राहायला सांगणारे मित्र दारात उभे असतात. म्हणजे शिकवायला आपल्या हाती दहा ते अठरा एवढी आठच वर्षे आहेत. ती 'अजून लहान आहे' म्हणण्यात निघून जातात आणि मग एका सहीत मूल एकदम मोठे होते.

पहिला धडा : महिन्याचा जमाखर्च

सुरुवात साध्या वहीने करावी. डाव्या पानावर जमा, उजव्या पानावर खर्च. एक महिना घरात येणारा आणि जाणारा प्रत्येक रुपया मुलाने किंवा मुलीने लिहावा. वडिलांचा पगार किंवा रोजंदारी, आईचे घरकामाचे पैसे, दादाने पाठवलेली रक्कम जमेला. धान्य, भाजी, गॅस, भाडे, वीजबिल, रिचार्ज, औषधे, प्रवास, हप्ते, पाहुणचार खर्चाला. महिनाअखेर बेरीज करून आईवडील आणि मुले यांनी एकत्र बसून ती वही पाहावी.

ही वही घरातल्या कोणाला पकडण्यासाठी नाही, हे आधी सर्वांनी समजून घ्यावे. तरीही तिच्यातून जे दिसायचे ते दिसतेच. रोज वीस रुपयांच्या पुड्या म्हणजे महिन्याला ६०० रुपये आणि वर्षाला ७,३०० रुपये होतात. हे वडिलांना बायकोने शंभरदा सांगितले असेल. पण मुलीच्या अक्षरात लिहिलेला आकडा पाहून माणूस गप्प होतो. तसेच मुलालाही कळते, की आपण महिन्यातून तीनदा केलेले रिचार्ज आईच्या दोन दिवसांच्या मजुरीइतके आहे.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. हिशेब ठेवल्याने पगार वाढत नाही. कंत्राटी कामाचे पैसे तीन महिने थकले असतील तर वहीच्या रेघा कितीही सरळ मारल्या तरी चूल त्याने पेटत नाही. गरीब माणूस उधळ्या असतो म्हणून गरीब राहतो, असा उपदेश करणाऱ्यांची या देशात वाण नाही; त्या उपदेशाला या पानावर जागा नाही. पुष्कळ घरांत उधळण्यासारखे काही नसतेच. हिशेबाचे काम वेगळे आहे. जे थोडके आहे ते कोणत्या भोकातून गळते हे तो दाखवतो, आणि आपल्याला फसवू पाहणाऱ्यापुढे बोट ठेवून बोलायला आकडा देतो. मजुरी थकली असेल तर किती दिवसांची आणि किती रुपये, हे तारखेसह सांगता येणे हीसुद्धा ताकदच आहे.

दुसरा धडा : व्याजाचा खरा दर

आता कपाटातले कागद बाहेर काढा आणि मुलीच्या वहीशेजारी ठेवा. समजा, घरच्या कामासाठी १२,००० रुपये खासगी कर्ज घेतले. देणाऱ्याने सांगितले, वर्षाला १५ टक्के, 'फ्लॅट'. व्याज १,८०० रुपये, एकूण १३,८०० रुपये, दरमहा १,१५० रुपयांचा हप्ता. ऐकायला सरळ वाटते. पण मुलगी आईशेजारी बसून गणित मांडते तेव्हा काय होते पाहा.

"आई, हे पंधरा टक्के नाहीत गं."

"मग किती? त्यांनी तर पंधराच सांगितले होते."

"बारा हजार तुझ्याकडे एकच महिना होते. दुसऱ्या महिन्यापासून मुद्दल फिटत गेले. अकरा हजार, दहा हजार, नऊ हजार. शेवटच्या महिन्यात तर एकच हजार राहिला होता. व्याज मात्र वर्षभर बारा हजारांवरच लावलंय."

बारा, अकरा, दहा असे करीत एकपर्यंतच्या आकड्यांची बेरीज ७८ होते. म्हणजे ७८,००० भागिले १२. वर्षभर आईच्या वापरात सरासरी ६,५०० रुपयेच होते. त्या ६,५०० वर १,८०० रुपये व्याज म्हणजे शेकडा सत्तावीसच्या वर. बँकेच्या काटेकोर पद्धतीने घटत्या शिलकीवर काढले तरी दर साडेसव्वीसच्या आसपास येतो. सांगितले पंधरा, घेतले सव्वीस. हे समजायला अर्थशास्त्राची पदवी लागली नाही. दहावीतली अंकगणिती श्रेढी पुरली.

सावकाराचा शेकडाही याच वहीत मांडावा. 'शेकडा दहा' हे शब्द ऐकायला हलके आहेत, कारण ते महिन्याचे आहेत. वर्षाचे १२० टक्के झाले. १०,००० रुपये घेऊन दरमहा नुसते व्याजाचे १,००० भरत राहिलो, तर दहा महिन्यांत घेतले तेवढे देऊन होते आणि मुद्दल होते तसेच डोक्यावर उभे राहते. सावकारी करायला सरकारचा परवाना लागतो, त्यासाठी २०१४ चा महाराष्ट्राचा कायदा आहे, आणि कोऱ्या कागदावर किंवा कोऱ्या स्टॅम्पपेपरवर कधीही सही करू नये, या तीन गोष्टी दहावीच्या मुलाला पाठ असाव्यात.

'शून्य टक्के व्याजाने मोबाईल' ही जाहिरातही तपासून पाहावी. समजा, मोबाईल हप्त्याने १५,००० रुपयांना, वर ५०० रुपये फाईल चार्ज. तोच मोबाईल रोखीने १३,५०० ला मिळत असेल, तर हे वरचे २,००० रुपये कोणत्या नावाने ओळखायचे? दुकानदार त्याला व्याज म्हणत नसेल, मुलाने म्हणावे.

कर्जदाराला काही हक्कही आहेत. १ ऑक्टोबर २०२४ पासून बँका आणि वित्त कंपन्यांनी नव्या किरकोळ कर्जाची मुख्य माहिती एका कागदावर, कर्जदाराला समजेल अशा भाषेत द्यायची आहे. त्यात सगळे खर्च धरून वर्षाचा खरा दर लिहावा लागतो. महिला गटांमार्फत मिळणाऱ्या सूक्ष्म कर्जाबाबत २०२२ पासून रिझर्व्ह बँकेचा नियम असा, की घरातल्या सगळ्या कर्जांचे मिळून हप्ते महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त होता कामा नयेत, आणि असे कर्ज मुदतीआधी फेडले तर दंड आकारता येत नाही. एक गट फेडण्यासाठी दुसऱ्या गटाचे कर्ज काढणाऱ्या माता-भगिनींना हा नियम कोण सांगणार? घरात वाचता येणारी मुलगी आहे. तिने सांगावा.

तिसरा धडा : पासबुक वाचणे

बँकेत जाऊन पासबुक भरून आणणे वेगळे आणि ते वाचणे वेगळे. मुलाला एकेका ओळीवर बोट ठेवून वाचायला लावावे. कोणते पैसे कुठून आले, कोणते कशासाठी गेले.

या वाचनातून कधी मोलाची गोष्ट हाती लागते. पुष्कळांच्या खात्यातून वर्षातून एकदा २० रुपये किंवा ४३६ रुपये कापले जातात. घरात त्याचा कोणी विचार करीत नाही. हे २० रुपये अपघात विम्याचे आणि ४३६ रुपये जीवन विम्याचे आहेत. दोन्ही पंतप्रधानांच्या नावाच्या सरकारी योजना. अपघाती मृत्यू झाल्यास पहिल्या योजनेतून आणि कोणत्याही कारणाने मृत्यू झाल्यास दुसऱ्या योजनेतून वारसाला २ लाख रुपये मिळण्याची तरतूद आहे. कर्ता माणूस गेल्यावर विमा होता हेच कोणाला ठाऊक नसेल, तर मागणी करणार कोण? पासबुकातली वीस रुपयांची ओळ ओळखणारे मूल घरात असेल तर त्या घराचे दोन लाख वाचू शकतात.

बँक आणि पतसंस्था यांतला फरकही याच वेळी शिकवावा. बँक बुडाली तर एका ठेवीदाराची त्या बँकेतली मुद्दल व व्याज मिळून ५ लाख रुपयांपर्यंतची रक्कम ठेव विम्याने सुरक्षित असते. ही मर्यादा ४ फेब्रुवारी २०२० पासून पाच लाख झाली. त्याआधी ती एक लाख होती. हे संरक्षण सहकारी बँकांनाही आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला ते नाही. पतसंस्था वाईट असते असा याचा अर्थ नव्हे. पण जास्त व्याजाच्या पाटीखाली आयुष्याची पुंजी ठेवण्याआधी हा फरक ठाऊक असावा. भिशीचेही तसेच. ती ओळखीच्या माणसांच्या विश्वासावर चालते. विश्वास आहे तेवढीच रक्कम तिच्यात घालावी.

आपल्या आयाबायांनी डाळीच्या डब्यात पैसे साठवून कितीतरी घरे तारली आहेत. त्या बचतीला नावे ठेवू नयेत. परंतु ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे-हजाराच्या नोटा बाद झाल्या तेव्हा त्याच डब्यांतल्या नोटा घेऊन बायांना रांगेत उभे राहावे लागले. डब्यात आठवड्याचे असावेत, बाकीचे खात्यात असावेत. पोस्टात महिना १०० रुपयांपासून आवर्ती ठेव सुरू करता येते. पाच वर्षांत ६,००० रुपये भरले जातात, ६.७ टक्के दर धरला तर हाती सुमारे ७,१०० रुपये येतात. रक्कम मोठी नाही. पण सातवीत सुरू केलेले खाते बारावीच्या प्रवेशानंतर उपयोगी पडते, आणि 'माझे पैसे मी साठवले' हा विश्वास त्यासोबत येतो.

चौथा धडा : शिष्यवृत्तीचे पैसे

आपल्या समाजातल्या हजारो मुलामुलींच्या हाती आयुष्यातली पहिली मोठी रक्कम येते ती मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची. ती थेट विद्यार्थ्याच्या खात्यावर जमा होते. म्हणून दहावीतच तपासून घ्यावे : खाते विद्यार्थ्याच्या नावावर आहे काय, खाते आधारला जोडले आहे काय, शाळेचा दाखला, आधार आणि पासबुक या तिन्हींवरचे नाव अक्षरशः एकच आहे काय. एका वेलांटीच्या फरकापायी अर्ज अडकतात आणि मूल महाविद्यालयाच्या खिडकीपुढे महिनोन् महिने हेलपाटे घालते.

दुसरे असे, की शिष्यवृत्ती लागते वर्षाच्या सुरुवातीला आणि येते पुष्कळदा वर्ष सरताना. वसतिगृहात राहणाऱ्या मुलाने तोवर खानावळ, पुस्तके, प्रवास कसा भागवायचा? हा प्रश्न गावी असतानाच, वहीवर सोडवून ठेवावा. पैसे उशिरा आले तर कोणाकडून किती उसने घ्यायचे आणि पैसे येताच आधी कोणाचे फेडायचे, हे आईवडिलांशी बोलून ठरवावे. आणि रक्कम एकदम जमा झाली की ती 'आली' असे न समजता तिचे दहा महिन्यांचे दहा भाग करावेत. वीस हजार एका दिवसात फार वाटतात. महिन्याचे दोन हजार म्हटले की त्यांचे खरे रूप दिसते.

पाचवा धडा : फसवणूक

फसवणारा नेहमी गरजेच्या दारातून येतो. त्यासाठी मुलांना चार गोष्टी ठामपणे सांगाव्यात.

एक : मोबाईलवर पैसे घ्यायला पिन लागत नाही. पिन फक्त पैसे द्यायला लागतो. 'पैसे पाठवतो, पिन टाक' म्हणणारा पैसे काढणार आहे.

दोन : आपले खाते, एटीएम कार्ड किंवा सिम कोणालाही वापरायला देऊ नये. 'खाते दे, महिन्याला चार-पाच हजार देतो' असे आमिष कॉलेजच्या मुलांना दाखवले जाते. त्या खात्यातून कोणाचे तरी लुबाडलेले पैसे फिरवले जातात. खाते गोठते, पोलीस दारात येतात आणि शिष्यवृत्तीही त्याच खात्यात अडकते. खरा चोर सापडत नाही. ज्याच्या नावावर खाते तो सापडतो.

तीन : दामदुप्पट. दोन वर्षांत पैसे दुप्पट म्हणजे चक्रवाढीने वर्षाला ४१ टक्क्यांहून अधिक व्याज. दोनचे वर्गमूळ काढता येणाऱ्या मुलाने हा आकडा काढून दाखवावा आणि विचारावे, जो आपल्याला एकेचाळीस टक्के देणार तो स्वतः किती कमावणार आणि कशातून? योजना नातेवाईकाने आणली असली तरी प्रश्न विचारावा. बहुधा ती नातेवाईकच आणतो.

चार : फसवणूक झालीच तर लपवू नये. लगेच १९३० या क्रमांकावर कळवावे. मूल मार खाण्याच्या भीतीने दोन दिवस गप्प राहिले तर पैसे परत मिळण्याची आशा मावळते. म्हणून आईवडिलांनी आधीच सांगून ठेवावे : "चूक झाली तरी आधी मला सांग, मी रागावणार नाही." हे वाक्य शिकवणीच्या फीपेक्षा स्वस्त आहे.

मुलींना मागे ठेवू नका

बँकेत जायचे झाले की आपण मुलाला पाठवतो आणि मुलीला पोळ्या करायला बसवतो. पासबुक दादाकडे, एटीएम दादाकडे, मुलीच्या शिष्यवृत्तीचे पैसेही दादाच काढून आणतो. उद्या लग्न झाले की तेच पासबुक नवऱ्याच्या कपाटात जाते. स्वतःच्या खात्यात किती शिल्लक आहे हे ज्या मुलीला ठाऊक नाही तिला 'स्वावलंबी हो' असे म्हणणे व्यर्थ आहे. मुलीने एकटीने बँकेत जावे, चलन भरावे, बाबूने 'घरच्या माणसाला पाठव' म्हटले तर 'खाते माझेच आहे' असे नम्रपणे पण ठाम सांगावे. आणि मुलानेही भाजी आणून हिशेब लिहावा. घर चालवायला काय लागते हे त्यालाही कळले पाहिजे.

शिकवायचे कोणी, कसे?

त्यासाठी मोठ्या संस्थेची वाट पाहू नये. विहारात, समाजमंदिरात किंवा वस्तीतल्या वाचनालयात रविवारी सकाळी एक तास पुरे. जमाखर्च, व्याज, पासबुक, शिष्यवृत्ती, फसवणूक असे पाच रविवार आणि सहाव्या रविवारी जवळच्या बँकेला किंवा पोस्टाला भेट. निवृत्त झालेले बँकेतले काका, पोस्टातले दादा, बचत गटाचे दप्तर लिहिणारी ताई आणि गणिताचे गुरुजी, एवढी माणसे बहुतेक वस्त्यांत मिळतात. त्यांना मान देऊन बोलवावे.

एक पथ्य मात्र कटाक्षाने पाळावे. वर्गात कोणत्याही मुलाला 'तुझ्या घरी किती येतात, कर्ज किती आहे' असे विचारू नये. चारचौघांत घराची झाकली मूठ उघडायला लावली तर ते मूल पुढच्या रविवारी येणार नाही. वर्गात काल्पनिक घराचे आकडे घ्यावेत. आपल्या घराचे आकडे ज्याने त्याने आपल्या घरी मांडावेत. आणि घरीसुद्धा मुलाला हिशेब दाखवणे म्हणजे त्याच्या डोक्यावर कर्जाचे ओझे ठेवणे नव्हे, हे लक्षात असावे. 'एवढे देणे आहे, ते असे फेडणार आहोत, तू शिकत राहा' असे सांगितले की मूल घाबरत नाही. बंद दारामागची कुजबुज ऐकून मात्र ते घाबरते.

हा विषय आपल्याला परका नाही. अंगुत्तर निकायात दीघजाणू नावाच्या कोलिय गृहस्थाची गोष्ट आहे. आम्ही बायकामुलांत राहणारी संसारी माणसे, आमच्या सुखासाठी काही सांगा, असे त्याने विचारले. तेव्हा तथागतांनी त्याला चार गोष्टी सांगितल्या : उद्योगशीलता, कमावलेल्याचे रक्षण, चांगल्या माणसांची संगत आणि जमा-खर्च ओळखून बेताने जगणे. कमावलेल्याचे रक्षण म्हणजे पासबुक आणि पिन, चांगली संगत म्हणजे खाते भाड्याने मागणाऱ्या मित्राला नकार, असा त्याचा आजचा अर्थ मुलांना सहज समजतो. आणि रुपयाच्या प्रश्नावर १९२३ साली लंडनमध्ये ग्रंथ प्रसिद्ध करणाऱ्या बाबासाहेबांचा फोटो ज्या घराच्या भिंतीवर आहे, त्या घरात रुपयाचा विषय मुलांपासून लपवून ठेवणे शोभत नाही.

वाचकहो, या महिन्याच्या पगाराच्या दिवशी एवढेच करा. जेवण झाल्यावर कपाटातले कर्जाचे पुस्तक काढा, मुलीला जवळ बसवा आणि म्हणा, "बाळ, हे जरा वाचून दाखव, किती राहिले ते." तिला उत्तर काढायला थोडा वेळ लागेल. तिला तो द्या. उत्तर कदाचित आपल्याला आवडणार नाही. पण ते घरातल्या माणसाने काढलेले असेल आणि पुढच्या वेळी सही करण्यापूर्वी त्या घरात कोणीतरी कागद वाचणारे असेल.